कार्मेला मातेचा अभंग

गाढवपणाला वयाची अट नसते, हे मी बहात्तराव्या वर्षी दुबईत, टाळमृदंगाच्या साथीने सिद्ध केलं. चहा ओतून घ्या. गोष्ट ऐकताना माझी कीव आली, तर हातात कप असलेला बरा!

प्रसंग मंगल होता. माझी नात गार्गी, तिचा साखरपुडा. मुलगा लूका, इटलीचा, तिच्याच कचेरीत इंजिनियर. मुलगा गुणी. मला 'आबा' म्हणतो, वाकून नमस्कार करतो, आमटीचे भुरके मारतो. अडचण एकच. त्याच्या घरात शेवटचा शब्द त्याच्या वडिलांच्या आईचा. ही रोझालियाबाई सिसिली बेटावरून दहा दिवस आधी मुद्दाम आली होती, मुलगी आणि मुलीचं घर पारखायला. तिने मान डोलावली तर साखरपुडा, नाहीतर खलास!

आता मी काय गाफील राहणार? अडीच महिने आधीपासून फोनवर इटालियन शिकलो. ती इंटरनॅशनल सिटीतल्या आमच्या फ्लॅटवर मुक्कामाला आली, तेव्हा दारातच उभा राहून घोटलेलं स्वागताचं वाक्य खणखणीत म्हटलं. तिने माझ्याकडे कसं पाहावं? मीटर कापायला आलेल्या माणसाकडे आपण पाहतो ना, तसं!

लूकाने जेवताना उलगडा केला. "आबा, नोन्नाला, म्हणजे आजीला, इटालियन समजतं. पण ते शाळेचं, सरकारचं. तिची भाषा सिसिलियन. ती इटालियनची बहीण. नापोलीची आणखी एक बहीण. समुद्रापलीकडे डाल्मेशियन नावाची एक होती. तिचा शेवटचा बोलणारा म्हातारा गेला आणि भाषा संपली."

"आणि तुला सिसिलियन येतं?"

"मी मिलानला वाढलो. नोन्ना भरभर बोलली की अर्धंच कळतं."

माझा घास हातात राहिला. संतांनी पोथीची भाषा सोडली आणि देवाला आपल्या बोलीत हाक मारली, हे चाळीस वर्षं कीर्तनात सांगणारा मी. आणि शिकून काय बसलो? तर पोथीची भाषा! शिवाय एका म्हाताऱ्याबरोबर अख्खी भाषा जाते? मग या माउलीच्या मुखातलं कोणी टिपून ठेवायचं? मी भजनाची वही काढली.

मंडळी कामावर गेली की घरात आम्ही दोघंच. मी गाथा वाचत बसे, ती बाल्कनीत जपमाळ ओढत बसे. जप झाला की ती वाटाणे सोलायला घेई आणि काही म्हणू लागे. काय तो ठेका! दोन लहान ओळी, एक लांब ओळ, आणि शेवटी प्रत्येक वेळी एकच नाव, "कार्मेला!" हे ध्रुवपद नाही तर काय? आणि तिच्या बोलीत चक्क आपला 'ड' होता हो! पुस्तकात देखण्याला 'बेल्लो' म्हणतात, ही लूकाला 'बेड्डु' म्हणे. मला ती घरचीच वाटू लागली.

आवाज कठोर होता, हे कबूल. डोळे गरगर फिरत, वाटाणे ताटलीत आपटत. पण आपले संत देवाशी कमी का भांडले? ज्याच्यावर हक्क, त्याच्यावरच राग!

मी खात्री करून घेतली बरं का. हात जोडून वर आकाशाकडे बोट केलं. "देव?"

तिनेही वर बोट केलं आणि त्वेषाने मान हलवली. आणखी कोणता पुरावा हवा?

तरी वसईच्या रिचर्डला मी गाठलंच. तो इथल्या हॉटेलात इटालियन स्वयंपाकघरात आहे. त्याला वही वाचून दाखवली.

"अंकल, हे इटालियन नाय."

"ते मला ठाऊक आहे. पण कार्मेला कोण?"

"कार्मेल माता! आमच्या चर्चमध्ये सण असतो ना तिचा." त्याने छातीवर क्रूस केला. "बाकी एक शब्द कळत नाय."

कळत नाही! म्हणजे किती जुनं असेल! आपल्या पोरांना तरी जुनी ओवी कुठे कळते? आता मला शंका उरली नाही.

दहा दिवस मी लिहीत होतो. पाहुणचारातही कसूर केली नाही. आमच्या घरात कांदा-लसूण वर्ज्य, म्हणून दोन्ही वेळा तिला सात्त्विक अन्न वाढलं. दुधी, पडवळ, मुगाचं वरण. आठव्या दिवशी तर तिने माझ्याकडे टक लावून एक नवंच कडवं म्हटलं. त्यात 'कार्मेला' नव्हती. मी हात जोडून तेही उतरवून घेतलं.

अल क्वोजच्या कामगार कॅम्पात आमचं भजनी मंडळ आहे. बारा जण, बहुतेक कोकणातले. मृदंगाला खेडचा दत्ताराम, दिवसा वेल्डर.

"बुवा, शब्द काय कळत नाय, पण चाल झकास बसतेय!"

"दत्ताराम, आपले जुने अभंग तरी तुला सगळे कळतात का?"

"ते पण खरंच हाय."

मी एवढंच बजावलं, की मातेचं नाव आलं की टाळ डोक्यावर नेऊन ठणकवायचे.

गार्गीला कुणकुण लागली असावी. "आबा, नो सरप्राइजेस हां! प्लीज!"

"अगं, नामस्मरण आहे ते," मी म्हटलं.

ऊद मेथाच्या छोट्या हॉलमध्ये सगळे जमले. लूकाची दुसरी आजी, त्याच्या आईची आई, त्याच सकाळी विमानातून उतरली होती. काळा पोशाख, मांडीवर भली मोठी पर्स. तिलाही सगळे 'नोन्ना'च म्हणत होते. दोन्ही आज्या हॉलच्या दोन टोकांना बसल्या होत्या. मला वाटलं, प्रवासाचा शीण!

अंगठ्या ताटात मांडल्या आणि मी खूण केली. मृदंग घुमला. पहिलं कडवं, "कार्मेला!" सगळे टाळ डोक्यावर! दुसरं कडवं, "कार्मेला!" ती दुसरी आजी ताडकन उभी राहिली. मी मनात म्हटलं, वा, भाव चढला! रोझालियाबाईंनी रुमालात तोंड लपवलं. गहिवरल्या बिचाऱ्या! लूकाचा चेहरा पिठासारखा पांढरा. मग शेवटचं कडवं मी एकट्याने घेतलं. तीनदा आळवलं. तिसऱ्यांदा माझेच डोळे वाहू लागले.

"आबा, स्टॉप," लूका माझ्या कानात पुटपुटला. "कार्मेला ही माता नाही. ती तिथे उभी आहे."

"कोण?"

"माझी दुसरी आजी. दोघी शेजारणी. लिंबाच्या झाडावरून तीस वर्षं बोलत नाहीत. तुम्ही आत्ता गायलात, 'तुझ्या लिंबांना किडे पडोत, कार्मेला. तुझ्या चुलीचा धूर तुझ्याच घरात कोंडो, कार्मेला.'"

टाळ थांबले. मृदंग मात्र थांबला नव्हता. दत्तारामाची समाधी लागली होती.

कार्मेलाबाईंनी पर्स उचलली, लेकीचा, म्हणजे लूकाच्या आईचा, दंड धरला आणि दाराकडे बोट केलं. चला! गार्गी ताटाशेजारी उभी. तिच्या डोळ्यांत पाणी भरलं होतं आणि ती माझ्याकडे पाहत होती. असं पाहणं कोणाच्या वाट्याला येऊ नये.

मी धावत गेलो आणि कार्मेलाबाईंच्या पायांवर डोकं ठेवलं. त्या दचकून मागे सरल्या, माझ्याकडे निरखून पाहू लागल्या. मग लूकाला काहीतरी विचारलं.

"ती विचारतेय," लूका चाचरत म्हणाला, "शेवटच्या कडव्यात माझं नाव नव्हतं. त्यातला तो बोकड कोण?"

रुमालाआडून रोझालियाबाईंचं एक बोट हळूच बाहेर आलं. ते माझ्यावर स्थिरावलं.

"लूका, अर्थ सांग."

"नको, आबा."

"सांग बाळ."

त्याने डोळे मिटले. "देवा, हा पांढऱ्या दाढीचा बोकड मला रोज पाला खायला घालतो. माझे डोळे मिटण्याआधी याच्या घरात एक तरी कांदा चिरला जाऊ दे."

कार्मेलाबाई दाराशी थबकल्या. हॉलच्या त्या टोकाला पाहून त्यांनी आवाज दिला. लूका यंत्रासारखा भाषांतर करत होता. "कांद्याशिवाय? किती दिवस?"

"दहा," रोझालियाबाई म्हणाल्या.

"लसूण तरी?"

"नाही."

तीस वर्षांनंतरचं हे पहिलं संभाषण! कार्मेलाबाईंनी पर्स खाली ठेवली. हॉल ओलांडून गेल्या, रोझालियाबाईंच्या शेजारी बसल्या आणि त्यांचा हात हातात घेतला. दोघींनी मिळून माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि उसासा टाकला. लिंबाच्या झाडावर जमलं नाही ते एकमत माझ्यावर झालं! रोझालियाबाईंनी गार्गीला जवळ बोलावून तिचा गाल कुरवाळला. अंगठ्या बोटांत गेल्या.

एवढ्यात दत्ताराम भानावर आला. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. "बुवा, शेवटच्या कडव्यावर दोन्ही म्हाताऱ्या लई खूश दिसतात. परत घ्यायचं काय?"

दोन्ही आज्या टाळ्या वाजवू लागल्या. व्याह्यांचा शब्द मोडायचा नसतो.

परत घेतलं. या वेळी अर्थासहित.