ओला सरांची स्पॅनिश

कुणी चुकलं की ओला सर त्याच्याशी हात मिळवत. एखाद्या मुलीने भलतंच क्रियापद लावलं की हे तिच्या बाकापर्यंत चालत जाणार, हात पुढे करणार आणि म्हणणार, ‘‘अभिनंदन. चुकली म्हणजे बोलली.’’ गप्प बसणाऱ्याच्या वाट्याला काही येत नसे. सुरुवातीला मुलं त्या हस्तांदोलनासाठी मुद्दाम चुकायची. पण मुद्दाम चुकायचं म्हटलं तरी तोंड उघडावं लागतंच. हे त्यांच्या लक्षात येईपर्यंत ती बोलायला लागलेली असत.

पुण्यात बिबवेवाडीतल्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मी मराठी शिकवते. म्हणजे पालक जो विषय दहावीपर्यंत सहन करतात, तो. काही वर्षांपूर्वी व्यवस्थापनाने सहावी ते आठवीला एक परदेशी भाषा द्यायचं ठरवलं. जर्मनला शिक्षक मिळेना, म्हणून स्पॅनिश आली आणि तिच्याबरोबर हे आले. वय तिशीच्या आत, गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, मुक्काम सदाशिव पेठेत आणखी तिघांबरोबर घेतलेल्या खोलीत. भाषा पुण्यातच शिकलेले. स्पेन पाहिलेला नव्हता आणि तसं ते स्वतःच पहिल्या तासाला सांगून टाकत. त्यांच्या आणि माझ्या वर्गामध्ये एक लाकडी पार्टिशन होतं, त्यामुळे त्यांचे निम्मे तास मी घरबसल्या ऐकावेत तसे ऐकले.

पहिल्याच दिवशी वर्गात शिरताना त्यांनी नमस्काराचा स्पॅनिश शब्द उच्चारला, ‘‘ओला!’’ मागच्या बाकावरून शांतपणे उत्तर आलं, ‘‘सर, पाऊस नाहीये बाहेर.’’ वर्ग हसला. सर सगळ्यात जास्त हसले. त्या दिवसापासून ते ओला सर झाले, ते अगदी आमच्या शिपाईमामांच्या तोंडीसुद्धा.

त्यांची मराठी विदर्भातली होती. कितीही सावरून बोलले तरी ‘मले’ आणि ‘करतोय’ऐवजी ‘करून राहिलो’ निसटायचंच. मुलं नकला करायची. स्टाफरूममध्येही एकदोघांना ती गंमत पुरायची. सरांनी हे सगळं ऐकलं होतं, पण बोलणं थांबवलं नव्हतं. मी एकदा विचारलं, राग नाही का येत? म्हणाले, ‘‘मॅडम, मी पुण्यात आलो तेव्हा लोक हसतील म्हणून सहा महिने दुकानात बोटानं दाखवून सामान घेतलं. भाषा त्यानं येत नाही.’’

शिकवायची त्यांची रीत साधी होती. पुस्तक पहिले काही महिने दप्तरातच. मुलांनी घरच्या वस्तू सांगायच्या. बटाटा म्हटलं की ‘पाताता’, साबण म्हटलं की ‘खाबोन’, कमीज म्हटलं की ‘कामिसा’. पोर्तुगीज लोक आपल्याकडे शब्द ठेवून गेले आणि स्पॅनिश ही त्यांच्या भाषेची सख्खी बहीण, असं ते सांगत. मग ‘मला आंबा आवडतो’ यायचं. इंग्रजीत हे वाक्य उभं केलं तर ‘मी’पासून सुरू होतं आणि स्पॅनिशमध्ये कोलमडतं. मराठीतून नेलं तर जसंच्या तसं बसतं: ‘मे गुस्ता एल मांगो.’ मला आवडतो आंबा. पार्टिशनपलीकडून अन्विता नावाच्या मुलीचा आवाज आला होता, ‘‘सर, this is basically मराठी!’’ त्या दिवशी मी माझ्या वर्गात कवितेचा अर्थ सांगता सांगता थांबले. मराठी एखाद्या गोष्टीला उपयोगी पडते आहे, हे त्या इमारतीत मी पहिल्यांदाच ऐकत होते.

पालकसभेत मात्र हेच प्रकरण अंगावर आलं. अन्विताचे वडील आयटीत होते, चार देश फिरलेले. ते अतिशय सौजन्याने म्हणाले, ‘‘सर, आम्ही मुलांना स्पॅनिश शिकायला पाठवतो. वर्गात मराठी कशाला? आणि तीही अशी?’’ त्या ‘अशी’वर दोनचार पालक हसले. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकाबाईंनी त्यांना बोलावून सांगितलं की यापुढे तासाला इंग्रजी आणि स्पॅनिश, बाकी काही नको.

दुपारी ते डबा उघडून नुसते बसले होते. माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘माही मराठी हसण्यासारखी आहे, हे मले माहीत आहे, मॅडम. पण ते वाक्य तिच्यात बसतं, त्याला मी काय करू?’’

त्यांनी हुकूम पाळला. पुढचे दोन आठवडे पार्टिशनपलीकडून फक्त सरांचा आवाज यायचा. मुलं लिहून घेत होती. वह्या सुंदर भरत होत्या आणि वर्ग मुका होत चालला होता. मला ते ऐकवेना. मी मुख्याध्यापिकाबाईंकडे गेले आणि म्हटलं, बाई, पालकांनाच एकदा त्यांच्या तासाला बसवा, मग काय ते ठरवा. बाई करड्या, पण न्यायी. त्यांनी एक शनिवार दिला.

त्या शनिवारी सरांनी पालकांना मुलांच्या बाकांवर बसवलं आणि शिकवायचं काम मुलांना दिलं. स्वतः खिडकीशी उभे राहिले. अन्विता वडिलांसमोर उभी राहिली आणि तिने त्यांना ‘मला आंबा आवडतो’चं स्पॅनिश विचारलं. त्यांनी फळ्यावरचे शब्द इंग्रजीवरून जुळवत ठसक्यात सांगितलं, ‘‘यो गुस्तो मांगो.’’ मुलांमध्ये एकच खसखस पिकली. सर खिडकीपासून चालत आले आणि त्यांनी अन्विताच्या वडिलांशी हात मिळवला. तेही बावरून हसले.

अन्विता म्हणाली, ‘‘बाबा, मराठीत म्हणा आणि एकेक शब्द बदला.’’ त्यांनी बदलले. वाक्य बरोबर आलं. मग तिने विचारलं, आई आत्ता काय करतेय? आई शेजारच्या बाईंशी बोलत होती. ते म्हणाले, ‘‘बोलतेय.’’

‘‘तसं नाही बसत,’’ ती म्हणाली. ‘‘बोलून राहिली. दोन शब्द लागतात. एस्ता आब्लांदो. ओला सरांच्या मराठीत म्हणा ना.’’

अन्विताचे वडील मुलीकडून सरांकडे वळले. ‘‘म्हणजे स्पॅनिश यायला आधी यवतमाळला जायला हवं,’’ ते म्हणाले.

सर म्हणाले, ‘‘एसटी वाकडेवाडीहून सुटते.’’

हसण्यात मुख्याध्यापिकाबाईही होत्या. सोमवारी पार्टिशनपलीकडून पुन्हा गोंगाट सुरू झाला आणि मी दार लावून न घेता शिकवत राहिले. त्या वर्षीपासून माझ्याही तासाला मुलं विचारू लागली, हे असंच का म्हणायचं, आजीच्या गावी वेगळं म्हणतात ते चूक का? मराठीच्या तासाला प्रश्न येणं म्हणजे काय, ते माझ्या धंद्यातल्या माणसालाच कळेल.

पुढे नागपुरातल्या एका महाविद्यालयाने स्पॅनिशचा वर्ग सुरू केला आणि सरांना बोलावलं. घराजवळ जायची संधी होती, त्यांनी घेतली. सामान न्यायला त्यांची आई आली होती. हिरवं नऊवारी लुगडं, हातात कापडी पिशवी. शेवटच्या तासाला तिला बसायचं होतं, म्हणून सातवीच्या वर्गात मागच्या बाकावर आम्ही दोघी बसलो. सरांनी त्या दिवशी काही शिकवलं नाही. मुलं आपापसात स्पॅनिशमध्ये भांडत होती, एकमेकांना डब्यात काय आहे ते विचारत होती, चुकत होती, सरांनाच मध्येच अडवून दुरुस्त करत होती. एकाने तर सरांची टिंगलही स्पॅनिशमध्ये केली आणि सरांनी ती मान्य केली.

आई पदर सावरून, न हलता बघत होती. घंटा व्हायच्या थोडं आधी मी हळूच विचारलं, ‘‘कळलं का काही?’’

‘‘शब्द नाही समजले जी,’’ ती म्हणाली. ‘‘पण पोट्टे त्याले भेत नाहीत, एवढं समजलं.’’

एवढ्या वर्षांत मी शाळेत बरेच तपासणी अधिकारी येऊन गेलेले पाहिले आहेत. इतका नेमका शेरा त्यांच्यापैकी कुणाला लिहिता आला नाही. मी तिला म्हटलं, ‘‘आमचे सर आहेत ते.’’ तिने माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच मोकळी हसली.