माफीचा नारळ

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या आमच्या लाकडाच्या कारखान्यात आज नव्या करवतीची पूजा झाली. नारळाचं पाणी भुशावर सांडलं आणि त्या ओल्या वासाने मला थेट घानात नेलं, जिथे वर्षांपूर्वी मी बाबांबरोबर लाकूड घ्यायला गेलो होतो.

जंगल तोडून लावलेला कोको नजर पोचेल तिथवर पसरला होता. मधोमध एकच प्रचंड झाड उभं होतं. बाबांनी शेतमालकाशी त्याचा सौदा ठरवला होता. झाड पाडण्याआधी नारळ फोडून हात जोडायचे, ही त्यांची रीत. मालकाची म्हातारी आई बघत होती. दुभाष्याकरवी तिने विचारलं, "हे काय करताय?"

"झाडाची माफी मागतोय."

"माफी मागावी लागते, तर पाडता कशाला?"

 बाबा हसले आणि माणसांना म्हणाले, "खलास. करवत गाडीत ठेवा."

मी भयंकर चिडलो होतो. तेव्हा आम्ही शारजात होतो; तिथून एवढ्या लांब यायचं ते रिकाम्या हाती परतायला? आज वाटतं, एका साध्या प्रश्नाला असा मान देणारा व्यापारी मी दुसरा पाहिला नाही.

म्हातारीने खोबरं सगळ्यांना वाटलं. आम्ही ते त्या झाडाखालीच बसून खाल्लं. अख्ख्या शिवारात सावली तेवढीच उरली होती.