गोदीतला रबरी पोशाख

माझे धाकटे दीर मुंबईच्या गोदीत कामाला होते. एका गणपतीला ते गावी, तुडीलला आले ते गोदीतला जुना रबरी पोशाख घेऊनच. खाली बूट, वर छातीपर्यंत विजार, खांद्यावर पट्टे, सगळं एकसंध.

"दादा, आता पाण्यात कुठंही जा. थेंब लागायचा नाय!"

काठाशी कमरेइतक्या पाण्यात उभं राहून पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकायला तो पोशाख खरंच झकास होता. आमचे हे मासे घेऊन कोरडे घरी यायचे. पण भावजींचं तेवढ्यावर भागेना. भाताची बेणणी करताना, तण उपटतानाही तोच घालायला लावला. चिखलाने बूट असे धरले की ह्यांना दोघांनी ओढून काढावं लागलं.

"भावजी, चिखलात अनवाणीच बरं," मी म्हटलं.

"वहिनी, तुम्हाला काय कळतं यातलं?"

चार दिवसांनी वरच्या अंगाला पाऊस झाला आणि सावित्री नदीतून ओंडके वाहत आले. असे ओंडके धरायला आमच्याकडचे पुरुष लंगोट लावून, कमरेला सुके भोपळे बांधून पोहत जात. काठाशी पाग टाकत असलेले आमचे हे अंगातलं रबर उतरवू लागले, तर भावजींनी हात धरला.

"अहो, पाणी छातीच्या वर गेलं की आत नाही का शिरणार?" मी ओरडले.

"पट्टा आवळला की नाय शिरत."

धाकट्याचं मन मोडवेना म्हणून हे तसेच उतरले. थोडं पोहले आणि विजारीत पाणी भरलं. पाय दगडासारखे खाली गेले. शेजारच्यांनी भोपळ्यांच्या आधाराने ह्यांना कसंबसं उथळात ओढलं, पण पाण्याच्या वजनाने काठावर घेता येईनात. मी कोयता घेतला आणि रबर छातीपासून गुडघ्यापर्यंत चिरलं. भसाभसा पाणी बाहेर आलं. हे पालथे पडून ओकत होते.

आणि भावजी काय म्हणाले? "वहिनी, कापलंत कशाला? आता काय उपयोग त्याचा?"

"तुमचा भाऊ मरत होता!" मी सगळ्यांदेखत किंचाळले. "एकदा तरी त्याच्याकडे बघा!"

ते बघेनात. संध्याकाळी आरतीला जमलेल्यांना सांगत होते, "दादाला वापरता येत नाय, बाकी वस्तू फस्क्लास."

मी आरतीचं तबक खाली ठेवलं आणि आत निघून गेले. मागून हे आले. "जाऊ दे गो, मनाने चांगला हाय तो."

असेल. मी मात्र पुढच्या गणपतीपर्यंत भावजींशी बोलले नाही, आणि बोलले तेव्हाही आधी त्यांना माफी मागायला लावली.