मोक्रेशीनचे तीन कर्णे

मोक्रेशीन गाव वाडग्याच्या तळाशी बसल्यासारखं आहे. वर टेकडीवर चर्च, मध्ये बिअरचा गुत्ता, खाली तळं, आणि या तिन्ही ठिकाणी एकेक कर्णा. बावन्न वर्षं या कर्ण्यांतून हर्मीनाचा आवाज येत होता. पावाची गाडी कधी येणार, कुत्र्यांना सुई कधी टोचणार, कोण गेलं. ती जुन्या शाळेतल्या एका कोंदट खोलीत, दारं-खिडक्या लावून, माइकसमोर बसायची. ती आजारी पडली तर घोषणाच थांबायच्या. त्यामुळे बाहेर काय ऐकू येतं, हे ऐकण्याची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती.

"तू एकदा बोलतेस, आम्ही तीनदा भोगतो," पोस्टमन प्रोकोप म्हणायचा. ती हसायची. त्याच्या थट्टेला गावात कुणी किंमत देत नसे.

तिला हे काम मिळालं तेव्हा ती अठरा वर्षांची होती. शाळेत कविता म्हणण्यात तिचा पहिला नंबर यायचा, म्हणून गावसमितीच्या अध्यक्षाने तिलाच निवडलं. त्या वर्षी सगळ्यांच्या जमिनी सामुदायिक शेतीत घ्यायच्या होत्या, आणि तळ्याकाठच्या नऊ नंबरच्या घरातला मेतोद वाव्रा सही करत नव्हता. इथे घरांना नंबर बांधल्याच्या क्रमाने पडतात. नऊ नंबर म्हणजे दोनशे वर्षांचं घर. रोज संध्याकाळी सहा वाजता अध्यक्ष कागद पुढे सरकवायचा आणि हर्मीना वाचायची, "नऊ नंबर, मेतोद वाव्रा. हा माणूस गावाच्या तोंडचं धान्य लपवतो." हिवाळाभर तिने ते वाचलं. स्पष्ट वाचलं. एकही अक्षर गिळलं नाही.

मेतोदची मुलगी ब्लाझेना शाळेत तिच्याच बाकावर बसायची. त्या हिवाळ्यात हर्मीना एकदा तळ्याकाठून जात होती. नऊ नंबरच्या दुहेरी खिडक्यांत, आतल्या आणि बाहेरच्या तावदानांमध्ये, पिसांच्या उशा कोंबलेल्या दिसल्या. थंडी फार आहे, एवढंच तिच्या मनात आलं.

फेब्रुवारीत ट्रक आला. वाव्रांना सरहद्दीकडच्या सरकारी शेतावर नेऊन टाकलं. मेतोद दोन वर्षांनी तिथेच वारला, डुकरांच्या गोठ्याशेजारच्या खोलीत. त्याच्या घरात खताची पोती आली, आणि पुढे छप्पर कोसळलं तेव्हा पोतीही गेली. त्याच्या मरणाची घोषणा मोक्रेशीनमध्ये झाली नाही. तसा कागदच कुणी हर्मीनापुढे ठेवला नाही.

आता ब्लाझेना गेली होती. तिच्या अस्थी शनिवारी गावच्या दफनभूमीत, आजीच्या शेजारी ठेवायच्या होत्या. बातमी बुधवारी आली आणि त्या संध्याकाळी हर्मीनाने स्वतःच्या हाताने कागद लिहिला: "नऊ नंबरच्या ब्लाझेना, मेतोद वाव्रा यांच्या कन्या, आपल्या गावी परत येत आहेत." हे एकदा आपल्या तोंडून जावं, एवढंच तिला हवं होतं. स्वयंपाकघरात तिने ते दहा-बारा वेळा मोठ्याने वाचून पाहिलं. 'नऊ'पाशी आवाज अडत होता.

शुक्रवारी ब्लाझेनाचा मुलगा इव्हो कचेरीत आला. पन्नाशीचा, हातात काळ्या चौकटीचं निधनपत्र.

"या मावशी सगळं वाचतील," सरपंच राडिम म्हणाला. "यांनी वाचल्याशिवाय इथे कुणी मेलंच नाही असं धरतात."

इव्हो हसला नाही. "आईची एकच अट होती," तो म्हणाला. "घोषणा व्हावी. पण त्या बाईने करू नये."

राडिमने मान खाली घातली. हर्मीनाने चष्मा काढून पुसला.

"काही म्हणाली का ती?" तिने विचारलं. "माझ्याबद्दल?"

"मी राग घेऊन नाही आलो, बाई. मी तर इथला नाहीच. पण आईला रेडिओवरच्या बातम्याही चालायच्या नाहीत. बाईचा आवाज आला की उठून बंद करायची."

"एवढंच?"

"एवढंच."

तिने खिशातून घडी केलेला कागद काढून राडिमच्या टेबलावर ठेवला. "असं वाच," ती म्हणाली. "घाई करू नकोस."

"मावशी, मला नाही जमत हे. मी अडखळतो."

"अडखळ."

ती घरी गेली नाही. उतारावरून खाली तळ्याकडे गेली. पाणी सोडलेलं होतं, काठावर काळा चिखल उघडा पडला होता. नऊ नंबरची एक भिंत तेवढी उभी होती, आणि तिसरा कर्णा पहिल्या हिवाळ्यापासून त्याच जुन्या लोखंडी आधारावर त्या भिंतीलाच होता, खिडकीच्या वर हातभर.

बाराच्या घंटेनंतर खरखर झाली.

"नऊ नंबरच्या ब्लाझेना," डोक्यावरून राडिम म्हणाला.

नऊ नंबरच्या ब्लाझेना, गुत्त्याकडून आलं.

नऊ नंबरच्या ब्लाझेना, चर्चच्या टेकडीवरून आलं, अस्पष्ट, उशिरा, जणू आणखी कुणी तेच म्हणत होतं.

"मेतोद वाव्रा," राडिम म्हणाला. मग गुत्ता म्हणाला. मग टेकडी म्हणाली.

घोषणा संपली तरी टेकडीचं बोलणं उरलं होतं. हर्मीना भिंतीशी उभी राहिली. खिडकीची चौकट कुजली होती. तिने तिच्यात हात घातला आणि आतल्या आणि बाहेरच्या तावदानांमधली जागा बोटांनी मोजून पाहिली. एक उशी मावेल एवढी होती. दोन उशा कोंबून बसवता आल्या असत्या.