सुनेला माहेरी पोचवणारी गुणाबाई

पत्रूभाऊसारखा सज्जन माणूस सिंदेवाहीकडच्या आमच्या गावात दुसरा नाही, असं सगळे म्हणत. भजनात टाळ त्याचा, लग्नात पंगत वाढायला तो पुढे, कोणाची बैलगाडी चिखलात फसली तर खांदा लावायला तोच. घरी बायकोला मारणाराही तोच, पण ते काही कोणी धरत नसे.

त्याची बायको गुणाबाई आमची शेजारीण. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी भात करपला म्हणून त्याने तिच्या डाव्या कानाखाली अशी दिली, की त्या कानाने तिला पुन्हा काही ऐकू आलं नाही. मग गावाने काय केलं? तिचं नाव ‘भैरी’ ठेवलं. कान कोणी फोडला हे सोयीने विसरून गेले, जणू ती फुटका कान माहेरूनच घेऊन आली होती. तीनदा ती गोंडपिपरीला भावाकडे निघून गेली. भावाने तिन्ही वेळा दोन दिवस जेवू घातलं, नवं लुगडं नेसवलं आणि परत आणून सोडलं. त्याला निरोप द्यायला पत्रूभाऊ हात जोडून वेशीपर्यंत जायचा. काय तो विनय!

मुलगा एकच, मुखरू. लहान होता तेव्हा बाप मारायला उठला की आईच्या पायांना मिठी मारून उभा राहायचा. त्या झटापटीत एकदा त्याचाच हात मोडला. दहा-बारा वर्षांचा झाल्यावर मिठी सुटली. आवाज चढला की तो उठून धानाच्या बांधीकडे निघून जायचा आणि परत आल्यावर आईवरच खेकसायचा, “तू चूप काऊन नाई रायत?” बापाला मात्र त्याने कधी काही विचारलं नाही.

१९५४ साली त्याचं कमळाशी लग्न झालं. त्याच पावसाळ्यात रोवणा चालू असताना शिदोरी आणायला कमळाला उशीर झाला. मुखरूने भर बांधावर, रोपं लावणाऱ्या आम्हा पंधरा बायांसमोर, तिच्या तोंडात मारली. आम्ही पंधराही जणींनी माना खाली घातल्या आणि रोवत राहिलो. तेव्हा गावाला नावं ठेवताना मी स्वतःला वगळत नाही.

घरी कळलं तेव्हा पत्रूभाऊ खाटेवर बसून खुशीत हसला. “आता झाला पोरगा घराचा मालक!”

गुणाबाई तांदूळ पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं, कमळाचा सुजलेला गाल पाहिला आणि म्हणाली, “चाल.”

“कुठी, आत्या?”

“तुह्या बापाकडं.”

“बाबा उद्याच परत आणून सोडतीन.”

“मी हावो ना संगं.”

चार कोस चिखल तुडवत दोघी गेल्या. कमळाचा बाप जंगू याने पाय धुवायला पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि समजूतदारपणे हसला. “होते असं, इहीणबाई. नवं नवं हाये. शिकन पोरगी हळूहळू.”

गुणाबाईने मान वळवून डावा कान त्याच्यापुढे केला. “ह्या कानात बोला. माह्या भावानं तीनदा हेच सांगतलं, तेबी ह्याच कानात गेलं. लेक मेल्यावर रडाले याल, अन् लोक म्हनतीन, बापाचा केवढा जीव होता!”

जंगूचं हसू मावळलं.

“मुखरू इथी येऊन चार लोकांसमोर म्हनन, का म्या मारलं, माही चूक झाली. तवाच पोरगी धाडा. तवापर्यंत नाई.”

ती एकटी परत आली, आणि दुसऱ्याच दिवशी चावडीवर पंच जमले. सून मार खाते तोवर कोणाला सवड नव्हती. सून माहेरी पोचली म्हटल्यावर पाचही जण हातातली कामं टाकून आले.

“भैरे, पोराचा संसार मोडून राह्यली तू,” गुणवंतराव पाटील म्हणाले. “लाज नाई वाटत?” याच पाटलांची बायको भर उन्हाळ्यात मनगटापर्यंत पदर ओढून का वावरते, हे सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक होतं.

“पाटील,” गुणाबाई म्हणाली, “एक कान चांगला हाये अजून. तुमच्या घरचा आवाज येते त्याच्यात.”

कोणीतरी खोकलं. मग पंचांनी एकमताने ठरवलं, की असल्या बाईला पत्रूच्या घरात जागा नाही. कान फोडणाऱ्याकडे घर, बांधी, बैल सगळं राहिलं. आणि बावीस वर्षं जी सुटका तिला कोणी दिली नव्हती, ती या शहाण्यांनी शिक्षा म्हणून दिली.

गावाच्या टोकाला झोपडी घालून ती राहू लागली. लोकांचं धान कांडायची, उन्हाळ्यात मोहफुलं वेचायची. गावाला कळवळा आला तो पत्रूभाऊचा. बिचाऱ्याला या वयात चूल फुंकावी लागते! शेजारणी त्याला झाकून भाजी पाठवत. गुणाबाईकडे कोणी मीठ-मिरचीही पाठवली नाही.

मुखरू माघापर्यंत ताठ राहिला. मग एक दिवस जंगूच्या दारात गेला आणि जमिनीकडे बघत काहीतरी पुटपुटला. तिथला एक म्हातारा म्हणाला, “जोरानं बोल, ऐकू नाई आलं.” तेव्हा मुखरूने पुन्हा, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. कमळा आली, पण सासऱ्याच्या घरी नाही, गुणाबाईच्या झोपडीत. मुखरूही मागोमाग तिथेच राहायला आला.

सुधारला का? गाव म्हणतं, सुधारला. पुढच्या वर्षी कमळाने मला सांगितलं, की दोनदा त्याचा हात उठला, आणि दोन्ही वेळा तो बाहेर जाऊन घाम फुटेपर्यंत लाकडं फोडत बसला. मला बरं वाटलं. मी धावत जाऊन गुणाबाईला म्हटलं, “बाई, पोरगा निवळला तुमचा!”

ती उखळापाशी होती. मुसळ हातातच धरून तिने माझ्याकडे पाहिलं.

“मारलं नाई म्हून त्याले हार घालू काय?” ती म्हणाली. “त्या लाकडाच्या जागी कमळा होती, हे तिले ठाऊक हाये. ते भेव कोन काढन तिच्या मनातलं?”

कमळाला तेव्हा सातवा महिना होता. ती दारात बसून आमचं बोलणं ऐकत होती, आणि तिची नजर फोडलेल्या लाकडांच्या ढिगाकडे होती.