हनुवटीवरचा मास्क

काकांनी चपला दाराबाहेर काढल्या, आत येऊन पाय धुतले आणि ताईसमोर बसताच मास्क हनुवटीवर ओढला. "आपल्या माणसाशी तोंड झाकून काय बोलायचं," म्हणाले.

स्टेम सेल ट्रान्सप्लांटनंतर ताईची प्रतिकारशक्ती तान्ह्या बाळाइतकी आहे. मागे कोरोना झाला तेव्हा ती मरता मरता वाचली. काकांना हे माहीत आहे, म्हणून तर ते भेटायला आले. रस्त्याची धूळ बाहेर ठेवा, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. श्वासाचं सांगावं लागतं, आणि तेच माझ्या तोंडून निघेना. मी चहा ठेवला.

काका गेल्यावर ताईने खिडकी उघडली.

"त्यांना वाईट वाटेल म्हणून गप्प बसलास ना? मी गेले तरी त्यांना वाईटच वाटेल."