राखेतला घाट

सुभेदारांनी रस्ता कधी कागदावर काढला नाही. बंबातली गार राख घमेल्यात घेऊन ते अंगणात उकिडवे बसायचे आणि चिमटीनं राख सोडत रहिमतपूर, सातारा, मेढा आणि वरचा केळघरचा घाट काढायचे. घाट आला की त्यांचा हात हळू व्हायचा. वळणावर गियर पाडल्यासारखा गळ्यातून आवाज यायचा. मग खिशातून चार चिंचोके निघायचे. एक चिंचोका म्हणजे एक मोटरसायकल.

माणूस उभा आडवा होता, मिशा पांढऱ्या, फौजेत सगळी उमर ट्रक हाकलेला. गणपती उठले की आम्ही चौघं म्हातारे गाड्या काढून घाटात जायचो. सुभेदार, मी, सर्जेराव आणि बाळू वायरमन. जाणं एका दिवसाचं, पण ठरवणं पंधरा-वीस दिवस चालायचं. सर्जेरावाची गाडी जुनी, चढाला खोकायची, तरी सुभेदार त्याचाच चिंचोका पुढं ठेवायचे. तो कुरकुरला की म्हणायचे, "ज्याची गाडी रडती त्यो म्होरं. दमदार गाडी मागं. आन आरशात मागचा दिसंना झाला की थांबायचं, म्होरं देव हाका मारंना का." स्वतः ते कायम शेवटी. त्यांच्या पुढं मी. माझ्या आरशात सुभेदारच असायचे.

मग एका वर्षी शिमग्याआधी माझी मंडळी गेली. ताप आला, चार दिवसांत संपलं. त्यावर जास्त लिहायला मला जमणार नाही.

आमच्याकडं बाई गेली की तिच्या माहेरचा माणूस येऊन नवऱ्याच्या डोक्यावर नवी टोपी घालतो. मग दुखवटा निघाला, माणूस चारचौघांत जायला मोकळा. तिचं माहेर पलूसचं. भाऊ तिच्याआधीच गेलेला, भाचा फौजेत, कुठं तरी बर्फात. टोपी घालायला कुणी आलंच नाही. आणि कुणाला "ये आणि घाल" म्हणून सांगायला माझी जीभ उचलली नाही. मी बोडकाच घरात बसलो. लग्नं चुकवली, पारावर बसणं सोडलं.

गणपती जवळ आले तशी सुभेदारांनी राखेचं घमेलं उचलून माझ्या अंगणात आणलं.

"औंदा हितं. आमच्या लेकानं फरशी बसवली, राख उडती."

विचारलं नाही, बसले. मागून सर्जेराव आणि बाळू आले. बाळूनं साताऱ्याच्या जागी मेढा काढला म्हणून तिघं खदाखदा हसले. मला घाम फुटला. दुखवट्याच्या घरातून हसणं ऐकू जातंय.

"हळू हसा," मी म्हणालो. "शेजारीपाजारी काय म्हणतील?"

"वैनी ह्या गोंधळाला दोनदा च्या करायची," सुभेदार म्हणाले. "आज हळू हसलो तर तिला वाटंल आमचं भांडाण झालं."

खरं सांगायचं तर लाज शेजाऱ्यांची नव्हती. मला जायचं होतं. बायको जाऊन वर्ष झालं नाही आणि मी राखेतलं तिसरं वळण बघून तिथं गियर कुठला टाकावा ते मनात ठरवत होतो. स्वतःची किळस आली. म्हणालो, "माझा चिंचोका उचला."

"तूच उचल की, पांडा."

मी उचलला नाही. ते बघून सुभेदारांनी नुसती हाताची राख झटकली.

जायच्या दिवशी मी एक येडेपणा केला. गावानं बघितलं तर कामाला चाललाय असं दिसावं म्हणून घरची पाण्याची मोटार सोडवली, पोत्यात घातली आणि गाडीला मागं बांधली. मोटार चांगली चालू होती. सून सुरेखा भांडी घासत होती. तिला म्हणालो, "मोटार बिघडलीया, साताऱ्याला दाखवून येतो." ती "बरं आबा" म्हणाली. वर बघितलंसुद्धा नाही.

पुलाजवळ तिघं थांबले होते. पोतं बघून बाळू म्हणाला, "आवं, घाटाला पाणी पाजायला निघालाय व्हय?" सर्जेराव हसून हसून गाडीवरून उतरला. सुभेदार हसले नाहीत. "जड हाय. वळणावर मागं वढंल. दमानं घे," एवढंच.

तर ती मोटार सगळा केळघरचा घाट चढली. वर पोचलो. खाली जावळीची हिरवी खाचरं आणि सगळीकडं ढग. मी एका कठड्यावर बसलो आणि रडलो. ती गेली तेव्हा चारचौघांत रडलो नव्हतो, आणि इथं, सहलीला येऊन. तोंड कुठं लपवावं कळेना.

सुभेदार जवळ आले. हातात नवं कोरं हेल्मेट. दोन्ही हातांनी माझ्या डोक्यावर चढवलं, आणि टोपी घालताना दाबतात तसं वरून दाबलं.

"पलूसचा मेव्हणा समज मला," ते म्हणाले. "निघाला दुखवटा. आता त्यात कितीबी रड, कुणाला दिसत न्हाई."

परत येताना आरशात ते होतेच, ठरल्या अंतरावर.

घरी आलो तर मागच्या दारात हंडे, कळशा, बादल्या, पिंप, सगळं काठोकाठ. सुरेखानं आदल्या दिवशीच भरून ठेवलं होतं. म्हणजे आदल्या दिवशी मी मोटारीभोवती घुटमळलो तेव्हाच, कसला बहाणा करणार ते पोरीला माझ्या आधी ठाऊक.

"झाली का दुरुस्त, आबा?"

"झाली."

"लय लांबनं करून आणली," ती म्हणाली आणि जेवायला वाढलं.

पुढं चार पावसाळे आम्ही गेलो. या पावसाळ्यात सुभेदार गेले. दुपारी आडवे झाले ते उठले नाहीत. तेरावा झाला, मग गणपतीही उठले. त्या संध्याकाळी सर्जेराव आणि बाळू माझ्या अंगणात येऊन बसले. कुणी जायचा विषय काढीना. मलाही काढता येईना, कारण मला परत जायचं होतं. तीच लाज परत.

सुरेखा बंबापासून घमेलं घेऊन आली, माझ्यापुढं ठेवलं.

"आबा, रस्ता काढा."

सातारा काढला, मेढा काढला. घाटाची वळणं वाकडी आली. बाळूसुद्धा हसला नाही. मग सर्जेरावाचा चिंचोका पुढं ठेवला, मागं बाळूचा. माझा हातात घेतला. मग तो सगळ्यात मागं ठेवला, सुभेदारांच्या जागेवर.